प्रिय ग्राहक, आज रात्री साडेनऊ वाजता

मंडळी, नमस्कार. समोर बसलेल्या नांदेडकरांना, आणि लातूरहून मोबाइलवर ऐकणाऱ्यांनाही. कुणाला आधी नमस्कार केला यावरून वाद नको; आयुक्तालय कुठं असावं यावरून २००९ पासून आपलं जे चाललंय तेवढं पुरे आहे. (हशा) आजच्या विषयात मात्र दोन्ही जिल्ह्यांची संपूर्ण एकजूट आहे. नको असलेला संदेश किनवटला पोचतो तसाच निलंग्यालाही पोचतो. एसटी वेळेवर पोचो न पोचो, हा पोचतो.

आयोजकांनी पत्रिकेवर विषय छापलाय, ‘नकोशी पत्रे आणि आधुनिक मनस्ताप’. मनस्ताप एका तासात मावणार नाही. म्हणून आम्ही पत्रांवर जास्त बोलू आणि मनस्तापाला जाता जाता भेटू.

सुरुवात एका मजकुरापासून करू. २०२२ साली हा मजकूर महाराष्ट्रात घरोघर आला. शब्द थोडे इकडचे तिकडं, गाभा एकच. प्रिय ग्राहक, मागच्या महिन्याचं आपलं बिल अद्ययावत झालेलं नाही. आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडली जाईल. ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याशी या मोबाइल क्रमांकावर बोला. खाली दहा आकडी क्रमांक. त्या क्रमांकावर फोन केला की पलीकडचा ‘अधिकारी’ गोड बोलायचा. फोनमध्ये एक ॲप घ्यायला सांगायचा, आपल्या फोनचा पडदा त्याला दिसेल असं. मग म्हणायचा, फक्त दहा रुपये भरा म्हणजे नोंद होईल. दहा रुपये भरताना तुम्ही जे काही दाबलं ते त्यानं पाहिलेलं असायचं. पुढचं सांगायला नको. महावितरणला निवेदनं काढून लोकांना सांगावं लागलं की आम्ही कुणाच्या खासगी मोबाइल क्रमांकावरून असे संदेश पाठवत नाही.

आता खरं सांगा, आपल्या भागात हा संदेश वाचून पहिला विचार काय यायला पाहिजे? ‘म्हणजे साडेनऊपर्यंत लाइट राहणार आहे की! मग दळण आणून घेऊ.’ (हशा) वीज जाण्याची वेळ कुणीतरी अगोदर कळवतंय, यावरच मराठवाड्याच्या माणसाला शंका यायला हवी होती.

पण शंका आली नाही, आणि का आली नाही हे बघण्यासारखं आहे. मजकूर लिहिणाऱ्यानं वेळ फार विचारानं निवडली आहे. रात्री साडेनऊला कार्यालय बंद. खात्री करायला कुणाकडं जाणार? लाइनमनचा फोन दिवसासुद्धा लागत नाही. घरात म्हातारी माणसं, नातवाची परीक्षा, उन्हाळा असेल तर पंख्याशिवाय रात्र. आणि संदेश हातात पडतो संध्याकाळी, म्हणजे विचार करायला दोन-तीन तास, त्यातला एक स्वयंपाकाचा. दुपारी बाराची वेळ दिली असती तर माणूस सायकल काढून कार्यालयात गेला असता आणि ठगाचा धंदा बसला असता.

इथं एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती फार थोड्यांना माहीत आहे. वीज कायदा २००३, कलम ५६. बिल थकलं म्हणून वीज तोडायची असेल तर किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे ‘आज रात्री’ हे दोन शब्दच तो संदेश खोटा ठरवायला पुरेसे होते. नंबर कुणाचा, भाषा कशी, काही बघायची गरज नव्हती. लोडशेडिंगला नोटीस लागत नाही हा भाग वेगळा.

मग पंधरा दिवसांचा नियम असून लोक घाबरले का? आमचं उत्तर असं की आपल्याला खरे संदेशही याच आवाजात येतात. खातं बंद होईल, अनुदान थांबेल, गॅस बंद होईल, नाव वगळलं जाईल, अमुक तारखेच्या आत तमुक जोडा. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे कागदावर दाखवावं लागतं. लाडक्या बहिणींना २०२५ साली ई-केवायसी करा असं सांगण्यात आलं. ते सांगणं खरंच सरकारचं होतं, आणि त्याच्या मागोमाग खोटी संकेतस्थळंही आली. दोन्हींचा सूर एकच. खऱ्या कार्यालयानं प्रेमानं, सावकाश, कारण देऊन बोलायची सवय ठेवली असती, तर धमकी ऐकली की माणूस म्हणाला असता, हे आपलं कार्यालय नव्हे. आज धमकी ऐकली की तो म्हणतो, हं, कार्यालयच दिसतंय. ठगाला काही नवीन शोधावं लागलं नाही, त्यानं फक्त सही गिरवली.

पूर्वी तातडीला पैसे पडायचे. तार आली की मजकूर वाचायच्या आधी घरात रडारड सुरू व्हायची, कारण तारेला शब्दागणिक पैसे लागतात आणि उगीच कुणी तार करत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोपरा फाडलेलं कार्ड पोस्टमनच्या हातात दिसलं की कुणीतरी गेलं हे कळायचं. पत्राची गंभीरता त्याच्या कागदावरच दिसायची. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. आता ‘तातडीचे’, ‘अंतिम सूचना’, ‘शेवटची संधी’ हे शब्द कुणालाही फुकट वापरता येतात, आणि फुकट मिळालेली वस्तू माणूस कशी वापरतो हे लग्नाच्या जेवणावळीत आपण बघतोच.

आणखी एक खूण होती, मायना. मराठी पत्र ‘प्रिय’नं सुरू होत नसे. वडिलांना तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव, परक्या गृहस्थाला श्री. रा. रा., आणि मग सा. न. वि. वि. पहिल्या ओळीतच लिहिणारा कोण, वाचणारा कोण, वयाचं अंतर किती, सगळं ठरून जायचं. आता सत्तर वर्षांच्या आजोबांना कुणीतरी ‘प्रिय ग्राहक’ म्हणतं. आमच्या आजोबांना कुणी असं लिहिलं असतं तर त्यांनी वीज स्वतःच तोडून टाकली असती. (हशा)

अशुद्ध मराठी ही ठगाची ओळख, असं बरेच जण सांगतात. हा भरवसा आता सोडा. ‘आपण विजेता झाला आहात आहे’ असली वाक्यं होती तेव्हा ठीक होतं. आता यंत्रं सफाईदार मराठी लिहितात, आणि उलट खऱ्या संस्थांचे संदेश वाचा, भाषांतराच्या यंत्रातून पिळून काढलेले असतात. बोलण्यात मात्र अजून थोडी गंमत शिल्लक आहे. लातूरचा माणूस विचारतो ‘काय करलालाव?’, नांदेडचा विचारतो ‘काय करायलाव?’ फोनवरचा माणूस जर तुमच्याच गावच्या शाखेतून बोलतोय आणि त्याला या दोन्हींतलं एकही कळत नाही, तर साहेब बदलून आलेले असतील किंवा साहेबच नसतील.

आता या पिकाचं मूळ कुठलं ते बघू. ३ मे १९७८. अमेरिकेत त्या वेळी आर्पानेट नावाचं संगणकांचं छोटं जाळं होतं, विद्यापीठं आणि सरकारी प्रयोगशाळांपुरतं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या यंत्राचं प्रात्यक्षिक बघायला या, असं आमंत्रण सुमारे चारशे जणांना एकदम धाडलं. पत्ते इतके झाले की पत्त्याच्या जागेत मावेनात, ते सांडून मजकुरात घुसले. लोक संतापले, जाळं चालवणाऱ्यांनी समज दिली. थर्क मात्र पुढं सांगत राहिले की त्या एका पत्रातून कोट्यवधी डॉलरची विक्री झाली. म्हणजे पहिल्याच दिवशी दोन्ही गोष्टी ठरल्या, लोक चिडणार आणि धंदा होणार. पुढची सगळी वर्षं त्याच दोन ओळींचा विस्तार आहे.

‘स्पॅम’ हा शब्द खाण्यातला. डब्यातल्या मांसाचा हा एक अमेरिकी प्रकार, १९३७ पासून विकला जाणारा. १९७० मध्ये माँटी पायथन या इंग्रज विनोदी मंडळींनी त्यावर एक प्रवेश केला. हॉटेलात गिऱ्हाईक विचारतं काय आहे, आणि प्रत्येक पदार्थात स्पॅम. आपल्याकडं समजा खानावळीत गेलात. काय आहे? भाकरी-पिठलं. दुसरं? भात-पिठलं. पिठल्याशिवाय? पिठलं-पिठलं आहे, त्यात पिठलं कमी असतं. आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी टाळ्या वाजवून ‘पिठलं, पिठलं’ गातायत, तुमचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. संगणकवाल्यांना हे चित्र इतकं पटलं की एकच गोष्ट ओरडून बाकीचं बोलणं बुडवणाऱ्या संदेशांना त्यांनी तेच नाव दिलं.

लोक विचारतात, अहो पण असल्या पत्रांवर विश्वास ठेवून खरेदी करतं कोण? याचं उत्तर मोजून काढलेलं आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्पॅम पाठवणाऱ्या संगणकांच्या एका टोळीत शिरकाव केला आणि औषधांच्या जाहिरातीची पत्रं आपल्या बनावट दुकानाकडं वळवली. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी पत्रं. खरेदी करायला तयार झालेली माणसं २८. म्हणजे साधारण सव्वा कोटी पत्रांमागं एक गिऱ्हाईक. हे आपल्या मापात बसवून बघा. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार, लातूरची २४ लाख ५४ हजार. दोन्ही मिळून ५८ लाख. या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक माणसाला, पाळण्यातल्या बाळासकट, दोन-दोन पत्रं पाठवली तर एक जण औषध घेईल. तुम्ही म्हणाल, हा कसला धंदा? पण पत्राला खर्चच नाही. पन्नास पैशाच्या कार्डावर हा धंदा केला असता तर एका गिऱ्हाइकामागं ६० लाखांहून जास्त रुपयांची कार्डं लागली असती. नापास होण्याचा खर्च शून्य झाला की माणूस कितीही वेळा परीक्षेला बसतो.

मग पुढचा प्रश्न. पत्रं इतकी मूर्ख का असतात? राजपुत्र, खाणी, बँकेत अडकलेले कोट्यवधी डॉलर. थोडं पटेलसं लिहायला काय जातं? मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये याचं जे उत्तर दिलं ते समजायला आपण माळेगावच्या यात्रेत जाऊ. लोह्याजवळची आपली खंडोबाची यात्रा, घोडे, गाढवं, उंट, सगळा बाजार. तिथला मुरलेला दलाल घोड्याचे दात उघडून बघणाऱ्या माणसाशी फार बोलत नाही. वेळ जातो आणि सौदा होत नाही. त्याला असा माणूस पाहिजे जो लांबूनच म्हणतो, काय सुंदर शेपूट आहे! (हशा)

हर्लींचं म्हणणं असंच. पहिलं पत्र फुकट जातं, पण उत्तर आल्यावर ठगाला मेहनत करावी लागते. दहा-दहा पत्रं लिहायची, फोनवर बोलायचं, खोटे कागद करायचे. या मेहनतीनंतर शेवटच्या पायरीवर माणूस शहाणा झाला तर सगळं वाया. म्हणून पहिलं पत्र मुद्दाम असं लिहायचं की दात बघणारे सगळे तिथंच हसून निघून जातील आणि शेपटीवर भाळणारे तेवढे उरतील. तुम्ही आम्ही ते पत्र वाचून हसतो तेव्हा ठगाचं काम बिघडत नाही, उलट त्याची चाळणी नीट चालली असं होतं. आता विजेच्या संदेशाकडं परत बघा. तो मूर्खपणाचा नव्हता, कारण तिथं सौदा दहा मिनिटांत संपत होता. चाळणीची गरजच नव्हती.

आपल्या बाजूनंही एक चाळणी आहे, ईमेलमध्ये कचरा वेगळा काढणारी. तिच्या मुळाशी अठराव्या शतकातल्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचं गणित आहे, थॉमस बेज. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एक लेख लिहून दाखवलं की या गणितानं स्पॅम फार चांगला पकडता येतो, आणि मग ते सगळीकडं पसरलं. गणित सोपं आहे, पळून जाऊ नका.

समजा तुम्ही तुमची शंभर खरी आणि शंभर नकोशी पत्रं वेगळी करून ठेवली. ‘अभिनंदन’ हा शब्द नकोशांपैकी ४० मध्ये सापडला, खऱ्यांपैकी २ मध्ये. म्हणजे ‘अभिनंदन’ दिसलं की पारडं वीसास एक असं कचऱ्याकडं झुकलं. ‘केवायसी’ नकोशांत ३०, खऱ्यांत १०. तीनास एक. दोन्ही शब्द एकाच पत्रात असतील तर गुणाकार, साठास एक. आता त्याच पत्रात ‘सोयाबीन’ आलं. नकोशांत १, खऱ्यांत २०. साठाला वीसनं भागा, तीनास एक राहिलं. पुढच्या ओळीत ‘मावशी’ आली, नकोशांत १, खऱ्यांत १५. तीनाला पंधरानं भागा. पारडं उलटलं, आता पाचास एक ते पत्र खरं. शब्द एकमेकांशी संगनमत करत नाहीत असं धरून चालायचं, बस. म्हणजे ‘अभिनंदन, तुझी केवायसी झाली का, मावशीच्या सोयाबीनचे पैसे आलेत’ हे पत्र मावशीमुळं वाचलं. मावशीनं माणूस वाचवल्याची उदाहरणं आपल्याकडं भरपूर आहेत, त्यात हे एक.

स्पॅमवाल्यांनी यावरही वाट काढली. औषधाच्या नावातलं एखादं अक्षर काढून तिथं एकचा आकडा ठेवला, म्हणजे माणसाला वाचता येतं आणि यंत्राला तो नवा शब्द वाटतो. आपल्याला हे शिकायची गरज नव्हती. रोमन अक्षरात मराठी लिहिताना आपण ‘अभिनंदन’ मुळातच पाच प्रकारे लिहितो.

पण चाळणीची खरी अडचण वेगळी आहे. तिच्याकडून दोन प्रकारच्या चुका होतात. कचरा आत आला, ही एक. खरं पत्र कचऱ्यात गेलं, ही दुसरी. पहिल्या चुकीत तुमचे तीन सेकंद जातात. दुसरीत काय जाईल सांगता येत नाही. लातूरच्या ट्यूशन एरियात खोली घेऊन राहिलेलं एखादं पोर, देगलूर नाहीतर उदगीरकडचं. प्रवेशाच्या पुढच्या फेरीत कागद दाखवायला या अशी मेल आली, ती ‘स्पॅम’ लिहिलेल्या कप्प्यात जाऊन बसली. त्या कप्प्याचं तोंड त्यानं कधी बघितलेलं नाही. मुदत गेली. तक्रार कुणाकडं करणार? पत्र पाठवलेलं आहे, पोचलेलंही आहे. म्हणून पोरांनो, फॉर्म भरलाय तोवर तो कप्पा रोज एकदा उघडायचा. त्यात बाकी ९९ पत्रं लॉटरीची असतील, असू द्या.

आणि हीच गोष्ट माणसांच्या डोक्यातल्या चाळणीचीही आहे. दहावीचा निकाल लागला की क्लासवाल्यांचे इतके फोन येतात की आईवडील अनोळखी नंबर उचलणंच बंद करतात. मग दवाखान्यातून आलेला फोनही तसाच वाजून थांबतो.

दूरसंचार नियामकांनी इथं काही केलं नाही असं नाही. १९०९ वर नोंद केली की जाहिरातींचे नोंदणीकृत फोन आणि संदेश थांबवता येतात. जाहिरातीच्या फोनसाठी १४० नं सुरू होणारे क्रमांक ठेवलेत, बँका-विम्याच्या सेवेच्या फोनसाठी १६०० नं सुरू होणारे. २०२५ च्या दुरुस्तीनं संदेश पाठवणाऱ्याच्या नावापुढं एक इंग्रजी अक्षर आलं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. चांगली सोय आहे, बघायची सवय लावा. मात्र हे सगळं नियम पाळणाऱ्यांसाठी. दहा आकडी साध्या नंबरावरून बोलणारा ठग १९०९ ची यादी बघून फोन करत नाही.

ईमेलच्या कायद्याचीही एक कथा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६-अ होतं. त्रास देण्यासाठी किंवा पाठवणारा कोण हे लपवून फसवण्यासाठी पाठवलेली मेल हा त्यात गुन्हा होता. म्हणजे आपल्या विषयाला अगदी मापात बसणारं. ते गाजलं मात्र नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला, फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी दोन तरुणींना अटक झाली तेव्हा. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं. निकाल योग्यच होता असं आमचं मत. पण मांजरासाठी आणलेला पिंजरा चिमण्यांवर पडला, म्हणून मोडावा लागला, आणि मांजर मोकळंच आहे.

मनस्तापाला जाता जाता भेटू म्हणालो होतो, तर तो वाटेत उभाच आहे. तिकीट काढायला गेलात की यंत्र तुम्हाला विचारतं, तुम्ही माणूसच ना? या चाचणीला कॅप्चा म्हणतात. ती घडवणाऱ्यांपैकी एक लुईस फॉन आन. लोकांचे यात फार सेकंद वाया जातात हे त्यांनाच खुपलं, म्हणून पुढं त्याच चाचणीतून जुन्या पुस्तकांतले, यंत्राला न वाचता आलेले शब्द आपल्याकडून वाचून घेतले. कल्पना सुरेख. नंतर शब्द गेले आणि चित्रं आली. अग्निशमनाचा लाल नळ ओळखा. अहो, नांदेडात रस्त्याच्या कडेला लाल नळ कुणी पाहिलाय? टॅक्सी ओळखा, ती पिवळी. आमची काळीपिवळी, टपावर सहा माणसं बसलेली, ती त्यांच्या चित्रात नाही. झेब्रा क्रॉसिंग ओळखा. ते आम्ही पुसट का होईना पाहिलंय, पण त्यावरून कुणी चालताना नाही पाहिलं. (हशा) आणि सगळी चित्रं बरोबर निवडेपर्यंत तत्काळची तिकिटं संपलेली असतात.

ओटीपीचं तर विचारूच नका. टीव्हीवर, बँकेत, संदेशात सगळीकडं लिहिलंय, ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि सिलिंडरवाला दारात उभा राहून म्हणतो, काकू, कोड सांगा. सामान आणणारा पोरगा म्हणतो, ओटीपी सांगा. काकूंनी काय शिकायचं? इथं एक साधा भेद सांगतो, तो घरी सांगा. वस्तू दारात दिसतेय, ती हातात पडल्याची खूण म्हणून कोड, तो सांगायचा. फोनवरचा माणूस आणि पैशाचा कोड, हे दोन एकत्र आले की नाही सांगायचा. अपवाद नाही.

आता थोडं मागं. तुमच्यातल्या पन्नाशीच्या वरच्या लोकांना ती कार्डं आठवतात का? १९७५ ला ‘जय संतोषी माँ’ चित्रपट आला, त्या सुमारास आणि पुढं कितीतरी वर्षं. हे पत्र इतक्या जणांना लिहून पाठवा, एकानं पाठवलं त्याला धन सापडलं, एकानं फाडलं त्याचं वाईट झालं. तोच नमुना इतर देवांच्या नावानंही, पुढं छापील पत्रकांतही. त्यात हुशारी ही की पोस्टाचा खर्च ज्याला पत्र आलं त्याच्याच माथी. थर्क यांच्या ईमेलला निदान स्वतःची यादी करावी लागली होती. संतोषी मातेच्या कार्डाला यादीही नको. भीती हाच पोस्टमन.

व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश त्या कार्डाचे थेट वारस आहेत. पुढं पाठवणारा कुणी ठग नसतो. आपला मेहुणा असतो. म्हणूनच आपण वाचतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होत्या. जमावानं त्या पाचही जणांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तो संदेश पुढं पाठवणाऱ्या प्रत्येकाला काळजीच वाटत होती. काळजीनं पाठवलेला संदेश कुणी तपासत नाही.

आता आम्ही जरा स्वतःच्या धंद्याविषयी बोलतो, म्हणजे हसण्याविषयी. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत, गाव सांगत नाही. विजेच्या त्या संदेशात त्यांचे पैसे गेले. गुरुवारी संध्याकाळी गेले आणि त्यांनी घरात सांगितलं रविवारी. सून म्हणाली, आबा, तवाच का नाही सांगितलं? ते म्हणाले, ‘तुम्ही फोन काढून घेतला असता. आणि हसले असते.’ तीन दिवस तो माणूस रोज सकाळी उठून, चहा पिऊन, पेपर वाचल्यासारखं करत बसला होता. आणि हे तीन दिवसच ठगाला हवे असतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात. वाटेत असताना अडवता येतात, बाहेर काढल्यावर नाही.

म्हणून हे नीट ऐका. पैसे गेले की पहिला फोन १९३०. हा राष्ट्रीय क्रमांक आहे, सायबर फसवणुकीचा. पोलिसांकडं तक्रार करा, बँकेला कळवा, पण १९३० आधी, त्याच तासाला. दुसरं, रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्या कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर भार तुमच्यावर नाही. कोड तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक झाली असली तरी कळवण्याला किंमत आहे, आणि ती तासागणिक आहे. घरात म्हाताऱ्या माणसाला फोन घेऊन देताना त्याच्याशी एवढा करार करून टाका की काहीही झालं तरी फोन काढून घेणार नाही.

वेळ झाली म्हणून खूण करतायत. लातूरहून एक प्रश्न आलाय तेवढा घेतो. ‘नको असलेल्या मेलच्या खाली अनसबस्क्राइबचं बटण असतं ते दाबावं का?’ तुम्ही स्वतः कधीतरी खरेदी केलेलं दुकान असेल तर खुशाल दाबा, ऐकतात बरेचदा. अनोळखी असेल तर हात लावू नका. त्या बटणानं त्याला एवढंच कळतं की या पत्त्यावर कुणीतरी राहतं आणि ते पत्रं शेवटपर्यंत वाचतं. सरळ स्पॅममध्ये टाका, म्हणजे त्या बेज साहेबांच्या चाळणीला एक उदाहरण मिळेल. दुसरा प्रश्न, रोज पहाटे पाचला सुप्रभातची फुलं पाठवणाऱ्या सासऱ्यांचं काय करावं. त्यांचा नंबर म्यूट करता येतो, त्यांना कळत नाही. पण लग्नकार्यात त्यांनी ‘कालचं फूल बघितलं का’ विचारलं तर गुलाब म्हणा. बहुतेक वेळा गुलाबच असतो.